ताप किती, आणि निर्णय कोणाचा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



निवृत्त बँक अधिकारी बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं, आता मुदत ठेवी, नामांकन आणि मृत्युपत्र यांवर तासभर ऐकावं लागणार. समितीनंही मला तोच विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. त्याचं कारण सांगतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा आपली मुलं शाळा-कॉलेजात होती. आज त्यांचीच मुलं इथल्या जिन्यांवरून रांगतायत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळं लेक धाराशिवला येते, जावई पुण्याला किंवा संभाजीनगरला नोकरीवर असतो. रात्री दोन वाजता बाळाचं अंग तापतं तेव्हा घरात कोण असतं? सत्तरीतले आपण दोघं आणि एक घाबरलेली बाळंतीण. त्या वेळी काय करायचं, थांबायचं की निघायचं, हे कोण ठरवणार? आजचा विषय एवढाच आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. हे टिपण मी आपल्या शहरातल्या एका बालरोगतज्ज्ञांना दाखवून, त्यांनी लाल पेनानं केलेल्या दुरुस्त्यांसह तुमच्यापुढं वाचतो आहे. आजाराचा उपचार डॉक्टरांनीच करायचा. त्यांच्या दारापर्यंत वेळेत पोहोचायचं काम मात्र आपलं.

माझा जन्म भूम तालुक्यातल्या एका खेड्यातला. माझ्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली. कशानं गेली असं विचारलं की आई एकच शब्द सांगायची, "तापानं." त्या काळी घरोघरी हेच उत्तर होतं. कुणाला न्यूमोनिया झाला असेल, कुणाला गोवर, कुणाच्या नाळेला जंतुसंसर्ग. वेगवेगळी कारणं, पण घराच्या हिशेबात सगळ्यांचं एकच नाव, ताप. आईनं काही कमी केलं होतं असं नाही. तिनं दृष्ट काढली, अंगारा लावला, बाळाला गोधडीत गुंडाळून रात्रभर छातीशी धरलं. तिच्या हातात जेवढं होतं तेवढं तिनं सगळं केलं. थर्मामीटर, रस्ता आणि दवाखाना या तीन गोष्टी तिच्या हातात नव्हत्या. आज आपल्याकडं या तिन्ही आहेत.

आता ताप म्हणजे काय ते पाहू. ताप हा स्वतः रोग नसतो. शरीर जंतूंशी लढतं तेव्हा आपली उष्णता वाढवतं. म्हणून ताप दिसला की पहिला प्रश्न "उतरवू कसा" हा नसावा. "आला कशानं, आणि बाळ दिसतंय कसं" हा असावा.

त्यासाठी आधी मोजावं लागतं. हाताच्या अंदाजावर जाऊ नका. आपला हात गार असला की बाळ तापलेलं वाटतं. डिजिटल थर्मामीटर साध्या मेडिकलमध्ये मिळतो. काख कोरडी करायची, थर्मामीटरचं टोक बरोबर काखेत बसवायचं, बाळाचा हात अंगाशी धरायचा आणि बीप वाजेपर्यंत थांबायचं. जुने पाऱ्याचे थर्मामीटर घरात असतील तर ते आता वापरू नका. काच फुटली तर पारा लेकराच्या हाती लागतो. बँकेत एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासायची अशी पद्धत असते. घरातही एकानं मोजावं, दुसऱ्यानं आकडा वाचावा आणि वेळेसह कागदावर लिहावा. रात्री दोन वाजताचा आकडा सकाळी कुणाच्याच नीट लक्षात राहत नाही, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

१००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त असेल तर ताप धरायचा. मात्र आपला मराठवाड्याचा उन्हाळा विसरू नका. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला, आणि बाळाला टोपडं, मोजे, दुपटं, वर शाल. अशा वेळी अंग नुसत्या उकाड्यानंही गरम होतं. कपडे सैल करा, खोली हवेशीर करा, अंगावर पाजा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर ठीक. तसाच राहिला तर तो ताप.

यानंतर बाळाचं वय पाहायचं. हा भाग जरा नीट ऐका.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा जास्त असेल, तर थांबायचं नाही. रात्र असो, पाऊस असो, अमावास्या असो. घरी तापाचं औषध पाजून "बघू सकाळी" म्हणायचं नाही. एवढ्या लहान बाळाची प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते. जंतू रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात पोहोचले तरी बाहेरून फारसं काही दिसत नाही. याउलट कधी ताप येतच नाही, बाळ गार पडतं. पोटाला हात लावला आणि पोटही गार लागलं, बाळ मलूल असेल, तर तेसुद्धा तितकंच धोक्याचं.

तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं. सहा महिन्यांच्या पुढचं लेकरू तापात असूनही अंगावर पीत असेल, लघवी नेहमीसारखी होत असेल, ताप थोडा उतरल्यावर हसत-खेळत असेल, तर लक्ष ठेवून थांबता येतं. पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाचा ताप चोवीस तासांहून जास्त टिकला तर डॉक्टरांना दाखवा. आकडा १०४ वर गेला तर वय न बघता निघा.

आणि काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर वयही बघायचं नाही आणि आकडाही बघायचा नाही. बाळ दूध ओढायचं थांबलं. पाजलेलं सगळं उलटून पडतंय. हलवलं तरी डोळे उघडत नाही, अंग सैल पडलंय. रडणं क्षीण झालंय, किंवा जवळ घेतलं की उलट जास्त कळवळतंय. श्वास घेताना छातीखालचा भाग आत ओढला जातोय, कण्हल्यासारखा आवाज येतोय. टाळू फुगलीय. ओठ निळसर झालेत. अंगावर दाबल्यावरही न जाणारे लाल-जांभळे डाग आहेत. सहा-आठ तासांत लघवी झालेली नाही. झटका आला. यातली एकही खूण दिसली तरी निघायचं.

श्वास मोजणं अवघड नाही. बाळ शांत असताना पोटाची हालचाल पाहत घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हे आकडे न्यूमोनियाची शंका घ्यायला पुरेसे आहेत.

आता घरात काय करायचं. बाळाला गुंडाळू नका, एक पातळ सुती झबलं पुरे. पाजणं वाढवा. तापात आईचं दूध बंद करायचं नसतं. अंग पुसायचंच असेल तर कोमट पाण्यानं पुसा. बर्फ, गार पाणी, स्पिरिट लावू नका; त्यानं लेकरू कुडकुडतं आणि आतला ताप उलट वाढतो. बिब्बा, डाग, शेगडीची धुरी यांपासून लेकराला दूर ठेवा. आजीच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही, पण बिब्ब्यानं कातडी भाजते, संसर्ग मात्र जागचा हलत नाही. दृष्ट काढायची तर काढा, फक्त मिरच्यांचा धूर बाळाच्या खोलीत नको, आणि ती काढेपर्यंत खाली गाडी चालू झालेली असू द्या.

तापाच्या औषधाबद्दल माझ्यातल्या बँकवाल्याला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण हा आकड्यांचा मामला आहे. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर देतात. एका वेळी किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसात चारहून जास्त वेळा नाही. तीन महिन्यांच्या आत डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. आता गंमत बघा. ड्रॉप्सच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२५, आणि दुसऱ्या एका सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये २५०. आठ किलोच्या बाळाला १०० मिलिग्रॅम द्यायचे तर ड्रॉप्स १ मिलिलिटर होतात आणि १२५ चं सिरप ४ मिलिलिटर. कुणी सिरपचं माप लक्षात ठेवून ड्रॉप्सच ४ मिलिलिटर पाजले तर पोटात चौपट औषध गेलं. त्यानं यकृताला इजा होते. शंभराची आणि पाचशेची नोट आपण अंधारात मोजत नाही. तशी ही बाटलीही दिवा लावून, चष्मा घालून वाचा.

ॲस्पिरिन लेकरांना देऊ नका. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. मागच्या आजारपणातलं उरलेलं अँटिबायोटिक पाजू नका. आणि खोकल्याचं औषध दोन वर्षांच्या आत नाहीच. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात दूषित कफ सिरपमुळं लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातल्या कितीतरी लेकरांना आपल्या नागपूरला उपचारासाठी आणलं होतं, आणि बरीच वाचली नाहीत. त्या घरांमध्येसुद्धा सुरुवात साध्या ताप-खोकल्यानंच झाली होती.

झटक्याबद्दल दोन वाक्यं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. पाहणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते, पण बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. बाळाला कुशीवर वळवा, मानेजवळचे कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. झटका थांबल्यावर डॉक्टरांकडं जायचंच. पाच मिनिटांत थांबला नाही तर तेवढीसुद्धा वाट न पाहता १०८ ला फोन करायचा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. एवढं सगळं माहीत असूनही उशीर का होतो?

१९९४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या दोन संशोधक महिलांनी बाळंतपणातल्या मृत्यूंचा विचार करताना तीन विलंब सांगितले. पहिला, निर्णय घेण्यातला. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला. तिसरा, तिथं गेल्यावर उपचार मिळण्यातला. तान्ह्या बाळालाही हे तंतोतंत लागू आहे. तिसरा विलंब सरकारचा, दुसरा रस्त्याचा. पहिला मात्र आपल्या घरातला, आणि त्याला ना निधी लागतो, ना मंजुरी.

महाराष्ट्रानं हे करून दाखवलंय. आपल्या भूमच्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, कित्येकदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. आपल्याच जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यांतल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातलीच एक शिकलेली बाई बाळाला वारंवार भेटायची, वजन करायची, ताप बघायची, श्वास मोजायची, जंतुसंसर्ग ओळखायची आणि औषध द्यायची. तिथं हजार जन्मांमागं ६२ नवजात बाळं दगावत होती. तो आकडा २५ वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या, त्यामागं या कामाचा मोठा वाटा आहे. बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत त्या पुनःपुन्हा येतात.

त्या गडचिरोलीच्या पद्धतीत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बाळ गंभीर आहे हे ओळखायच्या खुणांमध्ये "आधी नीट रडायचं, आता रडणं मंदावलंय" आणि "आधी नीट प्यायचं, आता ओढत नाही" या दोन खुणा आहेत. या कोणत्याही यंत्रात दिसत नाहीत. त्या आईलाच कळतात. आई म्हणते "आज हे वेगळंच करतंय", तेव्हा तो तिचा घाबरटपणा नसतो, ती माहिती असते.

आणि आपल्या घरात होतं काय? ती म्हणते, जाऊ या. सासू किंवा आई म्हणते, आम्ही चार वाढवली, काही होत नाही. आजोबा म्हणतात, जावयांना विचारा. जावई पुण्यात झोपलेले, फोन सायलेंटवर. तासाभरानं ते फोन उचलतात आणि म्हणतात, तुम्ही मोठे आहात, तुम्ही ठरवा. सगळे मोठे, सगळे शहाणे, आणि फाईल मात्र टेबलावरून टेबलावर.

बँकेत प्रत्येक शाखाधिकाऱ्याला ठरावीक मर्यादेपर्यंत मंजुरीचे अधिकार असतात. तेवढ्यासाठी विभागीय कार्यालयाला विचारावं लागत नाही, नाहीतर खरीप निघून गेल्यावर पीककर्ज मिळेल. बाळाला दवाखान्यात नेण्याचा अधिकार घरात तसाच आधी वाटून ठेवा. माझं म्हणणं स्पष्ट आहे, हा अधिकार बाळाच्या आईचा. ती "जायचं" म्हणाली की बाकीच्यांनी चपला घालायच्या. "नको" म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. गेल्यावर डॉक्टर म्हणाले, काही नाही, साधा ताप आहे, तर पेट्रोल वाया गेलं असं समजू नका.

माझ्या परिचयातल्या एका घरात मागच्या वर्षी असंच झालं. बाळ चाळीस दिवसांचं. रात्री साडेबाराला ताप १००.८. घरातली वडीलधारी मंडळी म्हणाली, एवढुसा तर ताप आहे, सकाळी बघू. त्या पोरीनं वाद घातला नाही. बाळाला दुपट्यात घेतलं, लसीकरणाचं कार्ड पिशवीत टाकलं आणि दारात जाऊन उभी राहिली. शेवटी आजोबाच उठले. पहिल्या दवाखान्याचं दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. दुसरीकडं गेले, तिथून तपासून पुढं पाठवलं. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात गेलेला निघाला. दहा दिवस शिरेतून औषधं चालली. लेकरू आज भिंतीला धरून चालतंय. डॉक्टर त्या आजोबांना म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर मला काही सांगता आलं नसतं. आजोबा मला ही गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी म्हणतात, "आम्ही चौघं होतो, पण लेकराला वाचवलं तिनं."

पैशाचं म्हणाल, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळावर उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. २०११ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा ती तीस दिवसांच्या बाळापर्यंत होती, पुढं ती वर्षापर्यंतच्या बाळांसाठी वाढवली. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, ती सर्वांसाठी मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो.

जाता जाता समितीपुढं चार सूचना ठेवतो. त्यासाठी सर्वसाधारण सभेच्या ठरावाची गरज नाही. एक, सोसायटीच्या कार्यालयात एक चांगला डिजिटल थर्मामीटर ठेवावा, आणि तो बंद कपाटात नको. दोन, नोटीस बोर्डावर १०८ सोबत रात्री लहान मुलांना पाहणाऱ्या दवाखान्यांची यादी मोठ्या अक्षरात लावावी आणि दर सहा महिन्यांनी तिथले फोन कुणी उचलतं का, हे एकदा तपासावं. तीन, रात्री अकरानंतर फाटकाला कुलूप लागतं, त्याची दुसरी किल्ली तळमजल्यावर ठेवावी. आजारी लेकरू घेऊन वॉचमनला शोधत कुणी फिरू नये. चार, रात्री-अपरात्री गाडी काढायला जे सभासद तयार आहेत त्यांनी आपली नावं द्यावीत. पहिलं नाव माझं लिहा. चालवायला मुलगा आहे, मी फाटक उघडेन.

आणि ज्या घरात तान्हं बाळ आहे त्यांनी आज घरी गेल्यावर एक कागद घ्यावा. त्यावर बाळाचं वजन, डॉक्टरांचा फोन आणि "तीन महिन्यांच्या आत १००.४, लगेच निघा" एवढं लिहून तो फ्रीजच्या दाराला लावावा. खाली एक ओळ आजोबांनी आपल्या हातानं लिहावी, "आईनं म्हटलं की निघायचं." आणि त्याखाली सही करावी. आयुष्यभर आपण इतक्या कागदांवर सह्या केल्या, त्यात ही एक जास्त.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये दोन लेकरं रडली तीही अगदी खणखणीत रडली, याचा मला आनंद आहे.